दवंडी आणि कायद्याचे राज्य

आपल्या मैंदर्गीच्या भागात दवंडीला दोन नावे आहेत. मराठी बोलणाऱ्या घरात तिला दवंडी म्हणतात, कानडी बोलणाऱ्या घरात डंगुर. मराठीतला 'डांगोरा पिटणे' हा वाक्प्रचार याच डंगुराचा भाऊबंद. शहरातला माणूस 'डांगोरा पिटणे' म्हणजे नको ती गोष्ट चारचौघांत सांगत सुटणे असा अर्थ घेतो. मुळात त्यात निंदेचे काही नव्हते. हलगी वाजली की माणसे हातातले काम थांबवून दारात येत, आणि सरकार, गाव किंवा बाजार यांच्याकडून जे सांगायचे असेल ते कानावर पडे. लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती. कान असले की पुरे.

वाचक बंधू-भगिनींनो, या दवंडीचा आणि 'कायद्याचे राज्य' या भारदस्त शब्दप्रयोगाचा संबंध काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कायद्याचे राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट, पोलीस चौकी आणि तारखांवर तारखा उभ्या राहतात. राज्यशास्त्राच्या पुस्तकात डायसी या इंग्रज कायदेपंडिताचे नाव असते. त्याने १८८५ साली सांगितले की कायद्यापुढे सर्व समान आहेत आणि राज्य करणाराही कायद्याच्या खालीच आहे. हे आम्ही बी. ए. ला पाठ केले. पण त्याही आधीची एक पायरी पुस्तकात क्वचितच सापडते. कायदा ज्याच्यावर चालवायचा, त्याच्यापर्यंत तो आधी पोचला पाहिजे, आणि त्याला समजेल अशा बोलीत पोचला पाहिजे. जो कायदा कानावर आलाच नाही तो मोडला म्हणून शिक्षा करणे, हे अंधारात दोरी बांधून येणाऱ्याला पाडण्यासारखे आहे.

हे आपल्या कायदे करणाऱ्यांना ठाऊक होते. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही चालू आहे. तिच्या २१ व्या आदेशातला ५४ वा नियम स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा आहे. जप्तीचा हुकूम त्या मालमत्तेवर किंवा तिच्या शेजारी ढोल वाजवून, अथवा तेथील रिवाजाच्या अन्य रीतीने, जाहीर करावा आणि त्याची प्रत मालमत्तेच्या ठळक भागावर व कोर्टाच्या इमारतीवर लावावी, असे तो सांगतो. लिलावाची जाहिरातही शक्यतो याच रीतीने करायची. म्हणजे इंग्रजाने रेल्वे आणली, तारखाते आणले, छापखाने काढले, तरी एखाद्याचे घर लिलावात काढायचे तेव्हा ढोल वाजवावाच लागेल हे त्याला मान्य करावे लागले. फौजदारीतही तसेच. फरारी माणसाविरुद्धचा जाहीरनामा तो राहत असलेल्या गावात ठळक जागी उघडपणे वाचून दाखवावा, हा जुना नियम होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ८४ व्या कलमातही तो कायम आहे.

जाहीर न केलेला कायदा हा कायदाच नव्हे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितले. प्रकरण जयपूर संस्थानातले. तेथील मंत्रिमंडळाने १९२३ साली ठराव करून अफूविषयीचा एक कायदा संमत केला होता. ठराव दप्तरात राहिला. राजपत्रात आला नाही, दवंडी पिटली गेली नाही, कुणाला कळवलेही नाही. पुढे पंचवीसेक वर्षांनी हरला नावाच्या माणसाला या कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. तो हे प्रकरण दिल्लीपर्यंत घेऊन गेला आणि १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. हे बोस त्याआधी नागपूरच्या उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश होते. बंद खोलीत बसून केलेला ठराव, ज्याची प्रजेला माहिती नाही आणि खटपट करूनही मिळू शकली नसती, त्यावरून शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. दंड रद्द झाला. रक्कम पन्नास रुपयांची, पण ती वाचवताना न्यायालयाने सगळ्या देशाला उपयोगी पडेल असे तत्त्व सांगितले. त्या निकालात नेपोलियनच्या संहितेचाही दाखला आहे. १८०४ च्या त्या संहितेत कायदा पॅरिसहून निघाल्यावर दर सुमारे शंभर किलोमीटर अंतराला एक दिवस जादा धरून तो लोकांना कळला असे मानत. म्हणजे कायदा घोड्याच्या चालीने जात होता आणि हे सरकारलाही मान्य होते.

पण 'जाहीर झाला' आणि 'कळला' यांत अंतर असते. १९६२ च्या नोव्हेंबरात एक जर्मन प्रवासी झुरिकहून मनिलाला जाताना मुंबईच्या विमानतळावर चौतीस किलो सोन्यासह सापडला. सोन्याविषयीची नवी अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापून येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले, पण १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की राजपत्रात छापले म्हणजे जाहीर झाले. प्रत्येकाला ते खरोखर ठाऊक होते की नाही हे पाहायचे कारण नाही. राज्य चालवायचे तर असा काही नियम लागतो हे मीही मानतो. नाहीतर 'मला माहीत नव्हते' म्हणून प्रत्येक चोर सुटेल. पण हाच नियम विमानातून सोने नेणाऱ्याला आणि मैंदर्गीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या म्हातारीला सारखाच लावावा काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे अर्धे उत्तर नागपूरच्या एका प्रकरणात मिळते. १९६१ साली तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी एका माणसाला स्थानबद्ध केले आणि त्याची कारणे इंग्रजीत लिहून दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीत कारणे मागितली, तर सरकारी भाषा इंग्रजी आहे असे सांगून नकार मिळाला. कागद देताना तोंडी हिंदीत समजावले एवढेच. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात 'कळवणे' असा शब्द आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ लावला. कळवणे म्हणजे कागद हातावर ठेवणे नव्हे. माणसाला समजेल अशा भाषेत आणि लिपीत ते मिळाले पाहिजे, नाहीतर तो आपली बाजू मांडणार कशी? त्या माणसाची सुटका झाली. सरहद्दीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा निकाल घराघरात सांगावा असा आहे, कारण आपल्याकडे घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि कोर्टाच्या कागदावर तिसरी असते.

हा सगळा विचार काही इंग्रजांच्या जहाजातून आलेला नाही. आपल्या अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिण अंगाने भीमा वाहते. ती खाली कलबुर्गी जिल्ह्यात जाते. तेथे चितापूर तालुक्यात भीमेच्या काठी सन्नती नावाचे गाव आहे. चंद्रलांबा देवीचे ते ठिकाण आपल्याकडच्याही पुष्कळ कुटुंबांना माहीत आहे. १९८६ साली तेथील काली मंदिराचे छत कोसळले आणि डागडुजीच्या वेळी देवीच्या मूर्तीखालची शिळा उघडी पडली. तिच्या दोन्ही बाजूंना ब्राह्मी लिपीतली अक्षरे होती. सम्राट अशोकाचे ते लेख! मूर्ती बसवण्यासाठी कुणा कारागिराने मधोमध खाच पाडली होती, त्यात कितीतरी अक्षरे गेली. अक्षरे वाचणारा उरला नाही की राजाज्ञासुद्धा नुसता दगड होतो. ज्याने खाच पाडली त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ब्राह्मी वाचण्याची विद्याच देशातून लोपली होती. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचा स्तंभ मोठ्या खटपटीने दिल्लीला आणवला, पण त्यावर काय लिहिले आहे हे सांगणारा त्याला कुणी भेटला नाही. ती लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने उलगडली.

सन्नतीच्या शिळेवर अशोकाच्या बाराव्या व चौदाव्या शिलालेखाचा भाग आहे, आणि कलिंगात धौली व जौगड येथे सापडलेल्या दोन स्वतंत्र लेखांचाही. कलिंगासाठी लिहिलेले लेख भीमेच्या काठी कसे आले, यावर विद्वानांचा खल चालू आहे. आपल्याला महत्त्वाचा आहे तो त्यातला मजकूर. पहिला स्वतंत्र लेख नगरात न्यायदान करणाऱ्या महामात्रांना उद्देशून आहे. सगळी माणसे माझी लेकरे आहेत असे राजा म्हणतो, आणि लगेच मुद्द्याला येतो: एखादा माणूस विनाकारण बंदिवासात पडतो, त्याचा छळ होतो, आणि त्याच्यामुळे बाकीच्यांनाही दुःख होते, असे होऊ देऊ नका, मध्यममार्गाने न्याय करा. अधिकाऱ्याच्या हातून न्याय का होत नाही याची कारणेही तो देतो: मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, कामाचा सराव नसणे, आळस आणि थकवा. मी पंचवीस वर्षे कचेरीत काढली आहेत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत घालण्यासारखा आठवा दोष मला अजून सुचलेला नाही.

लेखाचा शेवट मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातो. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून ऐकवावा, मधल्या काळातही प्रसंगाप्रसंगाने ऐकवावा, आणि ऐकणारा एकटाच असला तरी त्यालाही ऐकवावा, अशी आज्ञा आहे. लेख दगडावर कोरला तो टिकावा म्हणून. पण त्याचे काम कानांवर होते. दगड म्हणजे दप्तर, आणि वाचून दाखवणारा म्हणजे दवंडी. एकट्या माणसासाठीसुद्धा दवंडी द्या असे सांगणारा राजा मला दुसरा माहीत नाही. न्यायाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तपासणीसाठी दर पाच वर्षांनी, आणि उज्जैन व तक्षशिलेहून दर तीन वर्षांनी, दुसरे अधिकारी पाठवण्याची तजवीजही त्यात आहे. उत्तरेकडच्या स्तंभांवरच्या चौथ्या लेखात तर व्यवहारात समता आणि दंडात समता असावी असे स्पष्ट म्हटले आहे, आणि देहदंड झालेल्याला तीन दिवसांची मुदत दिली आहे.

याचा अर्थ अशोकाच्या काळी कायद्याचे राज्य होते, असे मी म्हणणार नाही. स्मरणिकांतून असे लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. अशोक हा राजा होता. त्याची आज्ञा त्याच्या मर्जीने निघे आणि मर्जीने मागेही घेता आली असती. त्याच्यावर दावा लावायला कोर्ट नव्हते. पण सत्तेने आपले म्हणणे लोकांच्या बोलीत सांगितले पाहिजे हे त्याने ओळखले. त्याचे लेख संस्कृतात नाहीत, प्राकृतात आहेत. वायव्येकडे ते खरोष्ठी लिपीत आहेत, कंदाहारला ग्रीक आणि अरमाईक भाषांत आहेत. आपल्याकडे नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे समुद्रकाठच्या बंदरावर आलेल्या-गेलेल्यालाही राजाचे म्हणणे कळावे अशी सोय होती.

बोलीचा आग्रह त्याहूनही जुना. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. जन्माने ब्राह्मण असलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचने छंदस् भाषेत बांधावीत अशी परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत शिकावे असे सांगितले; निदान बहुतेक अभ्यासक त्या वचनाचा असाच अर्थ घेतात. संघाचे नियमही पोथीत बंद नव्हते. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्ख सगळ्यांसमोर म्हटला जाई आणि प्रत्येक भागानंतर, यात तुम्ही शुद्ध आहात ना, असे तीनदा विचारले जाई. ज्याच्यावर नियम चालायचे तो महिन्यातून दोनदा ते ऐके, आणि नियम ऐकवणाराही त्याच नियमांनी बांधलेला असे. ठराव मांडायचा तर आधी सूचना, मग महत्त्वाच्या ठरावाचे तीन वेळा उच्चारण, कुणी बोलले नाही तर संमती, मतभेद झाला तर शलाका वाटून मतमोजणी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघाच्या याच कार्यपद्धतीची आठवण करून दिली होती. संसदीय रीत भारताला अपरिचित नव्हती, आपण ती गमावली, असे त्यांचे म्हणणे होते.

वाचता न येणाऱ्याला कायदा सांगायची आणखी एक रीत महाराष्ट्रात होती. शिलाहारांच्या काळापासून कोकणात आणि इतरत्र गद्धेगाळ नावाच्या शिळा उभ्या आहेत. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, आणि खाली दान मोडणाराच्या आईविषयी गाढवाचे अभद्र चित्र. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान चालेल, मोडशील तर ही शिवी तुला, एवढे निरक्षरालाही कळे. संपर्काचे साधन म्हणून ते जबर खरे. पण गुन्हा करणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हा न्याय मला तरी मान्य होण्यासारखा नाही. त्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातला कुडलचा लेख बरा. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमा-सीना संगमावर संगमेश्वराचे मंदिर आहे. तेथला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे वाक्य त्यात आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, आणि त्याने वाचणाराला शाप दिला नाही, आशा दिली.

आता दवंडी देणाऱ्याकडे वळू. कायदा सांगण्याची ही सगळी व्यवस्था गावात कोणाच्या गळ्यावर चाले? सरकारी हुकूम, सारा भरण्याची वर्दी, चावडीवर बोलावणे, परगावी टपाल, वसूल खजिन्यात पोचवणे, मयताचा सांगावा, ही कामे वतनदार महाराची. हलगी बहुधा मांगाच्या हाती. गावाच्या शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष मोलाची, कारण शीव त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. त्याच्या शब्दावर दोन गावांच्या जमिनी ठरत. पण साक्ष द्यायला तो उभा राही तो चावडीच्या पायरीखाली. त्याच्या तोंडून कायदा गावभर जाई, आणि त्याच्यावर अन्याय झाला तर दाद मागायला त्या गावात त्याला जागा नव्हती. निरोप्याचा आवाज गावाला हवा होता, निरोप्या नको होता.

या गुलामीलाही कायद्याचाच आधार होता, हे विसरून चालणार नाही. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही चाकरी बांधून दिली होती. कामाला तास नाहीत, घरातला कोणीही माणूस कधीही हजर करावा लागे, आणि मोबदला सरकारच्या तिजोरीतून नव्हे तर बहुतांशी गावकऱ्यांच्या बलुत्यातून, म्हणजे त्यांच्या मर्जीतून. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते पास झाले नाही. १९२९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा राज्यात झाला तो १९५८ चा. मधली तीस वर्षे निरोप्या तोच राहिला.

कायदा झाला पण पोचला नाही म्हणजे काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण महाडचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या. सरकारने तो खातेप्रमुखांना कळवला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण त्या ठरावाच्या पाठीशी उभे राहून तळ्याचे पाणी कोणी कोणाला पिऊ दिले नाही. कागद दप्तरात, तळे जसेच्या तसे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. एका अर्थाने त्या ठरावाची पहिली खरी दवंडी त्या दिवशी झाली. आणि त्याच दिवशी माणसाच्या संपर्काचे सर्वांत जुने साधन कामाला लागले, ते म्हणजे अफवा. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल गावात उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. चार वर्षांत जो ठराव गावाच्या कानी गेला नाही, त्याच गावात खोटी बातमी काही तासांत घरोघर पोचली. यावर मी खूप विचार केला आहे. अफवेला हलगी लागत नाही, राजपत्र लागत नाही, ती ऐकणाराच्या बोलीत आणि त्याच्या भीतीच्या भाषेत बोलते. कायदा ज्या गावी मुका राहतो, तेथे तिची चलती असते.

पुढची हकीकत अधिक शिकण्यासारखी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला होता. हजारो लोक महाडला जमले. विरोधकांनी आधीच दिवाणी कोर्टात जाऊन १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. अन्याय ज्यांच्यावर झाला त्यांनीच थांबायचे, असा हा प्रकार. तरीही बाबासाहेबांनी जमलेल्यांची समजूत घालून सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टात लढायचे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, तळे खुले ठेवण्याच्या बाजूने. पाणी पिण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे. त्या काळात ज्या लोकांनी तळ्याकडे पाहत वाट पाहिली, त्यांनी कायद्याच्या राज्यावर जो विश्वास ठेवला तो कोणत्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मोठा आहे.

नुसते जाहीर करणे म्हणजेही कायद्याचे राज्य नव्हे, हे सोलापूरकरांइतके दुसऱ्या कोणाला कळणार? १९३० च्या मे-जूनमध्ये शहरात मार्शल लॉ होता. हुकूम जाहीर होत आणि लोकांना कळतही, पण ते काढणाऱ्याला कोणताही कायदा बांधत नव्हता. तिरंग्यासाठी माणसे तुरुंगात गेली. ऐकवणाराही कायद्याने बांधलेला असला पाहिजे, ही अट तेथे गळाली होती.

आजची स्थिती आमच्या काउंटरवरून दिसते तशी सांगतो. कर्जाचे कागद बहुतेक इंग्रजीत असतात. कर्जदाराची सही मराठी, कानडी असेल किंवा अंगठा असेल, तर 'मजकूर मला वाचून दाखवला व समजावून सांगितला' अशी ओळ घ्यावी लागते. ओळ फार चांगली आहे. कित्येक ठिकाणी तिचा रबरी शिक्का करून ठेवला आहे, आणि शिक्क्याला वाचून दाखवण्याचे कष्ट नसतात. थकबाकी झाली आणि घर किंवा दुकान तारण असेल तर २००२ चा कायदा लागतो. बँकेतले लोक त्याला 'सरफेसी' म्हणतात. शेतजमीन यातून वगळली आहे. आधी साठ दिवसांची नोटीस, आणि पुढे ताबा घेतला तर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातले एक स्थानिक भाषेतले. बारीक टाइपातली ती जाहिरात कोण वाचतो? जे लिलावात घर घ्यायला बसलेले असतात ते वाचतात.

पण याच कायद्यात कर्जदारासाठी एक तरतूद आहे, ती मात्र कोणी दवंडी देऊन सांगत नाही. नोटीस आल्यावर कर्जदार लेखी हरकत देऊ शकतो आणि देणेकऱ्याने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिलेच पाहिजे. तसेच १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि इतर काही वर्गांना मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीच्या माणसाला किंवा स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अक्कलकोटला कोर्टात जाऊन साधा अर्ज करायचा असतो. १९९८ पासून तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल मराठीत आणि कानडीतही भाषांतरित होतात, पण अर्थाचा वाद झाला तर प्रमाण इंग्रजीच.

मध्यंतरी शेजारच्या गावातले एक दुकानदार आमच्या शाखेत पासबुक भरायला आले आणि जाता जाता खिशातून घडी घातलेला कागद काढून, हे काय आहे बघा हो, म्हणाले. दुसऱ्या एका वित्तसंस्थेची साठ दिवसांची नोटीस होती, इंग्रजीत. घरात कानडी, वाचणारा मुलगा पुण्याला. कागद खिशात ठेवून एक्कावन्न दिवस झाले होते. मी तो आधी मराठीत आणि मग मोडक्यातोडक्या कानडीत वाचून दाखवला. मागणीच्या रकमेत त्यांनी भरलेले दोन हप्ते धरलेलेच नव्हते. पावत्या त्यांच्याकडे होत्या. त्रेपन्नाव्या दिवशी त्यांनी लेखी हरकत रजिस्टर टपालाने पाठवली. उत्तर मुदतीत आले, हप्ते धरून आले. तेही इंग्रजीत होते, आणि ते वाचून घ्यायला दुकानदार पुन्हा आमच्या काउंटरवर रांगेत उभे राहिले.